कंपन्यांनी संगनमत केलं तर छोट्या व्यापाऱ्याला भरपाई मिळते का? स्पर्धा कायदा, पायरी-पायरीने



डिस्ट्रिब्युटर मार्जिनवरच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येतोय. "कंपनी म्हणते, या रेटच्या खाली विकायचं नाही. विकलं तर माल बंद. हे चालतं का?" "आमच्या शहरात चारही होलसेलरनी एकाच दिवशी भाव वाढवले. कोर्टात जाता येईल का? आणि गेलो तर माझं झालेलं नुकसान भरून मिळेल का?"

थोडक्यात उत्तर असं: तक्रार करता येते, आणि ती तुमच्यासारखा एकटा दुकानदारही करू शकतो. भरपाईची सोयही कायद्यात आहे. पण तक्रार आणि भरपाई हे दोन वेगळे दरवाजे आहेत. पहिल्या दरवाज्यातून गेल्याशिवाय दुसरा उघडत नाही, आणि पहिल्यात जिंकलात म्हणून दुसऱ्यातले पैसे आपोआप मिळत नाहीत. बहुतेकांची गल्लत इथेच होते. म्हणून आज सगळी प्रक्रिया समजून घेऊ.

कायदा कोणता?

आपल्याकडे यासाठी स्पर्धा कायदा, २००२ आहे. त्याआधी १९६९ चा एमआरटीपी कायदा होता. तो मक्तेदारीवर नजर ठेवणारा होता. नवीन कायद्याचा रोख वेगळा आहे. तुम्ही मोठे असणं हा गुन्हा नाही, पण मोठेपणाचा गैरवापर करणं किंवा आपसात ठरवून बाजार बिघडवणं चालणार नाही. गैरप्रकारांबद्दलची मुख्य कलमं २० मे २००९ पासून लागू झाली. अंमलबजावणी करते ती भारतीय स्पर्धा आयोग ही दिल्लीतली संस्था, म्हणजे बातम्यांत येणारी सीसीआय.

आपल्या कामाची कलमं दोनच, कलम ३ आणि कलम ४.

कलम ३ म्हणजे स्पर्धा मारणारे करार. करार म्हणजे स्टॅम्प पेपरच हवा असं नाही. तोंडी ठरलेलं, व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेलं, नुसती आपसातली समजूत, सगळं त्यात येतं. याचे दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार, एकाच पातळीवरचे लोक. होलसेलर-होलसेलर किंवा उत्पादक-उत्पादक. त्यांनी मिळून भाव ठरवला, माल कमी काढायचं ठरवलं, गिऱ्हाईक किंवा एरिया वाटून घेतला, टेंडरमध्ये साटंलोटं केलं, तर स्पर्धेला धक्का बसला असं कायदा गृहीतच धरतो. उलटं सिद्ध करायची जबाबदारी त्यांची. यालाच आपण कार्टेल म्हणतो.

दुसरा प्रकार, वरच्या-खालच्या पातळीवरचे लोक. कंपनी आणि डीलर, डिस्ट्रिब्युटर आणि दुकानदार. "या रेटच्या खाली विकू नको", "दुसऱ्याचा ब्रँड ठेवू नको", "हा चालणारा माल हवा तर तो न चालणाराही उचल". इथे मात्र आपोआप दोष धरला जात नाही. त्या अटीमुळे बाजारातल्या स्पर्धेवर खरंच लक्षणीय विपरीत परिणाम झाला का, हे तपासलं जातं.

कलम ४ म्हणजे वर्चस्वाचा गैरवापर. समोरची कंपनी आधी त्या बाजारात वर्चस्व असलेली ठरली पाहिजे. मग तिने अन्यायकारक अटी लादल्या, समोरच्याला संपवण्यासाठी खर्चापेक्षा कमी भावात विकलं किंवा बाजाराचा रस्ता अडवला, हे बघितलं जातं.

कुठली तक्रार यात बसते आणि कुठली नाही?

हा भाग नीट वाचा. चुकीच्या ठिकाणी गेलात तर वर्ष जातं, फी जाते आणि हातात काही येत नाही.

शेजारी मोठं मार्ट आलं आणि ते तुमच्यापेक्षा स्वस्त विकतंय, तर ही स्पर्धा झाली. वर्चस्व आणि खर्चाखालची विक्री दोन्ही दाखवता येत नसेल तर इथे केस नाही.

एखाद्या डिस्ट्रिब्युटरने तुमची एजन्सी काढून दुसऱ्याला दिली. वाईट वाटतं, पण बहुतेक वेळा हा दोन पार्ट्यांमधला कराराचा वाद असतो. त्यासाठी दिवाणी कोर्ट आहे, किंवा करारात लिहिलं असेल तर लवाद.

मोठ्या पार्टीने पेमेंट थकवलंय. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकासाठी किंवा सेवा देणाऱ्यासाठी त्याचा रस्ता एमएसएमई कायद्यातली ४५ दिवसांची तरतूद आणि सुविधा परिषद हा आहे. स्पर्धा आयोग उधारी वसूल करून देत नाही.

याउलट, चार पुरवठादारांनी एकत्र बसून भाव वाढवला तर ती आयोगाची केस. संघटनेने "आमची एनओसी असल्याशिवाय याला माल देऊ नका" असं कंपनीला सांगितलं, तीही आयोगाची केस.

स्वतःला एक साधा प्रश्न विचारा. नुकसान फक्त माझं झालंय, की या वागण्यामुळे त्या बाजारातली स्पर्धाच अडली आहे? दुसऱ्याचं उत्तर "हो" असेल तरच पुढे वाचा.

पहिला दरवाजा: आयोगापुढे माहिती

कायद्याच्या भाषेत आयोगाकडे "तक्रार" नाही, "माहिती" दाखल करतात. हा नुसता शब्दांचा खेळ नाही. आयोग तुमचं भांडण सोडवायला बसलेला नाही, तो बाजार तपासायला बसलाय. तुम्ही माहिती देता, केस आयोग चालवतो.

पायरी १. माहिती दाखल करणं. कुठलीही व्यक्ती, ग्राहक, ग्राहकांची किंवा व्यापाऱ्यांची संघटना ती देऊ शकते. तुमचं स्वतःचं नुकसान झालंच पाहिजे अशी अटही नाही. ओला-उबरच्या भाड्यांबाबतच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये हे स्पष्ट केलं. फी भरावी लागते. ती तुम्ही व्यक्ती आहात की फर्म, आणि उलाढाल किती, यावर ठरते. चालू दर आयोगाच्या वेबसाइटवर बघूनच भरा. वकीलच लावला पाहिजे असंही नाही. तुम्ही स्वतः बाजू मांडू शकता, किंवा सीए, सीएस, कॉस्ट अकाउंटंट यांना अधिकार देऊ शकता.

पायरी २. प्रथमदर्शनी मत. आयोग कागद बघतो. काहीच दिसत नसेल तर प्रकरण तिथेच बंद करतो. अनेक माहिती अर्ज इथेच संपतात, कारण त्यात राग असतो, पुरावा नसतो. प्रकरण बंद केल्याच्या आदेशावर अपील करता येतं. दम दिसला तर आयोग महासंचालकांना म्हणजे डीजींना तपासाचा आदेश देतो. या आदेशावर समोरची कंपनी अपील करू शकत नाही. हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात सांगितलंय.

पायरी ३. तपास. ही छोट्या माणसासाठी सगळ्यात मोठी सोय आहे. कंपनीच्या आतले ईमेल, मीटिंगच्या नोंदी, भावांचा डेटा तुम्ही कुठून आणणार? डीजी समन्स काढून कागद मागवू शकतात, शपथेवर जबाब घेऊ शकतात, कोर्टाच्या वॉरंटने छापाही घालू शकतात. तुम्ही धागा द्यायचा, तो ओढायची ताकद सरकारी यंत्रणेकडे आहे.

पायरी ४. सुनावणी आणि आदेश. डीजींच्या अहवालावर दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकून आयोग आदेश देतो. हे वागणं बंद करा, अटी बदला आणि दंड भरा. दंड मागच्या तीन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. कार्टेल असेल तर ते चाललं त्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत. निकाल येईपर्यंत तातडीने काही थांबवायचं असेल तर अंतरिम आदेशाचाही अधिकार आयोगाला आहे.

पायरी ५. अपील. आयोगाच्या आदेशावर ६० दिवसांत एनसीएलएटी या अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं. तिथून सुप्रीम कोर्ट.

दोन गोष्टी इथेच लिहून ठेवा. एक, २०२३ च्या दुरुस्तीनंतर घटना घडल्यापासून तीन वर्षांच्या आत माहिती द्यायला हवी. उशिराचं पटण्यासारखं कारण असेल तरच सूट. दोन, नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते. पण खोटी माहिती दिली तर एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे रागाच्या भरात काहीही लिहून पाठवायचं नाही.

एक ईमेल आणि २०० कोटी

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर आपल्याच भागातलं उदाहरण बघा. मारुती सुझुकीच्या एका डीलरकडून आलेला असा दावा करणारा निनावी ईमेल आयोगाला मिळाला. त्यात मुंबई सोडून बाकीचा महाराष्ट्र आणि गोवा या विभागाबद्दल, आणि त्यातही पुण्याबद्दल, लिहिलं होतं. म्हणणं असं की, कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त डिस्काउंट ग्राहकाला दिला तर डीलरला दंड होतो. आयोगाने स्वतःहून प्रकरण हाती घेतलं. तपासात दिसलं की ग्राहक बनून शोरूममध्ये जाणाऱ्या एजन्सी नेमल्या होत्या आणि जास्त सूट दिलेल्या डीलरशिपला, तिथल्या कर्मचाऱ्यांनाही, दंड लावला जात होता. ऑगस्ट २०२१ मध्ये आयोगाने कंपनीला २०० कोटींचा दंड केला. कंपनी अपिलात गेली.

आता यातला आपल्या विषयाचा मुद्दा. या २०० कोटींमधला एक रुपयाही त्या आदेशाने कुठल्या डीलरला किंवा ग्राहकाला मिळत नाही. कायद्याप्रमाणे दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जमा होते. आयोगाकडे गेल्याने चुकीचं वागणं थांबू शकतं. तुमचं झालेलं नुकसान त्याने भरून निघत नाही.

दुसरा दरवाजा: भरपाईचा अर्ज

भरपाईसाठी कलम ५३एन आहे. अर्ज आयोगाकडे नाही, एनसीएलएटीकडे करायचा. नुकसान झालेली कुठलीही व्यक्ती, फर्म, कंपनी, नगरपालिकेसारखी स्थानिक संस्था, राज्य सरकारसुद्धा तो करू शकतं. नियम मात्र कडक आहेत.

पहिला नियम, कायदा मोडला असं आयोगाने किंवा अपिलात न्यायाधिकरणाने आधी ठरवलेलं असलं पाहिजे. थेट भरपाई मागायला जाता येत नाही. दिवाणी कोर्टातही जाता येत नाही, कारण आयोगाच्या आणि न्यायाधिकरणाच्या अखत्यारीतल्या विषयावर दिवाणी कोर्टाला दावा घ्यायला कलम ६१ ने मनाई आहे.

दुसरा नियम तुमच्या फायद्याचा आहे. भरपाईच्या वेळी "कार्टेल होतं की नव्हतं" हा वाद पुन्हा उकरला जात नाही. फक्त एवढंच बघतात की तुम्ही भरपाईला पात्र आहात का आणि रक्कम किती.

तिसरा नियम, एकाच प्रकारचं नुकसान झालेले अनेक जण असतील तर न्यायाधिकरणाच्या परवानगीने एक-दोघे सगळ्यांच्या वतीने अर्ज करू शकतात. पन्नास दुकानदारांचे पन्नास अर्ज नकोत.

नुकसानाचा हिशेब कसा लागतो?

समजा, एका वस्तूचा बॉक्स तुम्हाला ४०० रुपयांना मिळायचा. चार पुरवठादारांनी संगनमत करून तो ४४० केला. तुम्ही महिन्याला ३०० बॉक्स घेता आणि हे २४ महिने चाललं. सरळ हिशेब: ४० रुपये × ३०० बॉक्स × २४ महिने = २,८८,००० रुपये. झालं नुकसान?

थांबा. समोरचा वकील विचारणार, "तुम्ही विक्रीचा भाव वाढवला नाही का?" तुम्ही ५०० चा बॉक्स ५४० ला विकला असेल, तर जादा ४० रुपये तुम्ही गिऱ्हाईकाकडून घेतले. बॉक्सवर तुमचे १०० रुपये पहिल्यासारखेच सुटले. मग तुमचं नुकसान कुठे आहे? कमी झालेल्या विक्रीत. आधी महिन्याला ३४० बॉक्स जायचे आणि भाव वाढल्यावर ३०० जायला लागले, तर ४० बॉक्स × १०० रुपये × २४ महिने = ९६,००० रुपये.

एकाच दुकानाचा आकडा २,८८,००० वरून ९६,००० वर आला. आणि त्या ९६,००० साठीही विक्री भावामुळेच घटली हे दाखवावं लागेल. रस्ता खोदला होता म्हणून नाही, शेजारी नवीन दुकान आलं म्हणून नाही. हे दाखवणार कशावरून? जुनी खरेदी बिलं, स्टॉक रजिस्टर, जीएसटी रिटर्न, महिनावार विक्री. ज्याचा अर्धा व्यवहार कच्च्या पावतीवर आहे त्याचं अर्धं नुकसान कागदावर दिसतच नाही. पक्कं बिल घ्या, असं मी प्रत्येक व्हिडिओत सांगतो, त्याचं हेही एक कारण आहे.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून फसू नका

"एवढ्या अब्ज डॉलरची अँटीट्रस्ट केस" असे व्हिडिओ बघून अनेकांना वाटतं, आपल्याकडेही तसंच असेल. तिथला रस्ताच वेगळा आहे. शर्मन कायदा १८९० चा आणि क्लेटन कायदा १९१४ चा. क्लेटन कायद्यानुसार ज्याच्या धंद्याचं नुकसान झालं तो सरकारी यंत्रणेची वाट न बघता थेट फेडरल कोर्टात जातो. जिंकला तर नुकसानाच्या तिप्पट रक्कम आणि वकिलाची फीही मिळते. म्हणून तिथे असे बहुतेक खटले खाजगी पार्ट्याच चालवतात. तिथेही अटी आहेतच. १९७७ च्या एका निकालानंतर फेडरल कायद्याखाली साधारणपणे कार्टेलकडून थेट माल घेणाऱ्यालाच नुकसान मागता येतं.

आपल्याकडे तिप्पट नाही. जेवढं नुकसान दाखवाल तेवढ्याचाच विचार होतो, आणि आधी आयोगाचा निष्कर्ष लागतो. आपल्या पद्धतीचा फायदा असा की तपासाचा खर्च तुमच्या डोक्यावर येत नाही. तोटा असा की तुमच्या पैशाचं घड्याळ दुसऱ्याच्या केसच्या वेगाने चालतं.

वेळ किती लागतो?

तीन खरी उदाहरणं देतो, म्हणजे अंदाज येईल.

सिमेंट. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाने २०१० मध्ये माहिती दिली. २०१२ मध्ये आयोगाने कंपन्यांना मिळून सुमारे ६,३०० कोटींचा दंड केला. २०१५ मध्ये अपिलात तो आदेश रद्द झाला, कारण सुनावणीच्या पद्धतीत त्रुटी होती. २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा सुनावणी घेऊन पुन्हा दंड केला. २०१८ मध्ये एनसीएलएटीने तो कायम ठेवला. त्यानंतर कंपन्या सुप्रीम कोर्टात गेल्या.

कोळसा. इथे माहिती देणाऱ्यांमध्ये आपली महानिर्मिती, म्हणजे राज्य सरकारची वीज कंपनी होती. कोल इंडिया आणि तिच्या उपकंपन्यांच्या पुरवठा करारातल्या अटींबद्दल वाद होता. २०१३ मध्ये आयोगाने १,७७३ कोटींचा दंड केला, २०१७ च्या आदेशात तो ५९१ कोटी झाला. आणि मुळात हा कायदा कोल इंडियाला लागू होतो का, या प्रश्नाचं "होतो" हे अंतिम उत्तर सुप्रीम कोर्टाकडून आलं जून २०२३ मध्ये.

शेअर बाजार. एमसीएक्स स्टॉक एक्स्चेंजने एनएसईविरुद्ध माहिती दिली की चलन डेरिव्हेटिव्हमध्ये शुल्कच न घेऊन एनएसई स्पर्धकाला संपवते आहे. २०११ मध्ये ५५.५ कोटींचा दंड झाला, २०१४ मध्ये अपिलात तो कायम राहिला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. एमसीएक्सने कलम ५३एन खाली मागितलेली भरपाई होती ८५६ कोटी. म्हणजे दंडाच्या कितीतरी पट. भरपाईच्या दाव्याची ताकद किती असू शकते, हे यातून कळतं.

पण या कलमाखाली मोठी भरपाई प्रत्यक्ष हातात पडली, असं ठळक उदाहरण मला तुमच्यासमोर ठेवता येत नाही. म्हणून भरपाईच्या आशेवर धंद्याचं कॅश फ्लो प्लॅनिंग करू नका. कर्जाचा हप्ता त्या पैशातून भरणार असं धरलं तर निकालाआधी दुकान बंद होईल.

मग जायचंच कशाला? वागणं थांबवायला. ज्या अटीमुळे दर महिन्याला नुकसान होतंय ती अट गेली, तर पुढच्या दहा वर्षांचा धंदा वाचतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटींचा दंड केला. पण हॉटेलवाल्यांसाठी त्याच आदेशातला दुसरा भाग जास्त कामाचा होता. "दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर स्वस्त रूम देऊ नका" अशा अटी करारातून काढायला आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला सांगितलं. ही माहिती हॉटेल-रेस्टॉरंटवाल्यांच्या महासंघाने दिली होती.

संघटनेतून जा, पण संघटनाच आरोपी होऊ देऊ नका

वरच्या यादीत बघा. बिल्डरांची संघटना, हॉटेलवाल्यांचा महासंघ. एकत्र गेलं की खर्च वाटला जातो, पुरावे जास्त मिळतात आणि माल बंद होण्याची भीती एकट्यावर येत नाही. म्हणून शक्य असेल तिथे संघटनेतूनच जा.

पण याला दुसरी बाजू आहे. गोव्यातल्या वार्का ड्रगिस्ट अँड केमिस्ट आणि इतर औषध विक्रेत्यांनी तक्रार केली ती कुठल्या मोठ्या कंपनीविरुद्ध नव्हती. ती गोव्याच्या केमिस्ट संघटनेविरुद्ध होती. नवा स्टॉकिस्ट नेमायचा तर संघटनेची एनओसी, नवं औषध बाजारात आणायचं तर संघटनेची मंजुरी, असा प्रकार होता. जून २०१२ मध्ये आयोगाने संघटनेला दोषी धरून सुमारे दोन लाखांचा दंड केला. पुढे २०१३ मध्ये अशाच कारणांवरून देशपातळीवरच्या केमिस्ट संघटनेला ४७ लाखांच्या वर दंड झाला. नवीन माणसाला धंद्यात येऊ द्यायचं की नाही, हे संघटना ठरवू शकत नाही.

दुसरं उदाहरण पुण्याचं. नागरिक चेतना मंच या संस्थेने पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या टेंडरबद्दल माहिती दिली. तपासात निघालं की काही फर्मनी नुसत्या संख्या भरण्यासाठी टेंडर भरली होती, म्हणजे खरा भरणारा एकच आणि बाकी डमी. मे २०१८ मध्ये आयोगाने या फर्मना आणि त्यामागच्या व्यक्तींनाही दंड केला. ज्यांनी कबुली देऊन माहिती दिली त्यांना दंडात सवलत मिळाली.

आता प्रामाणिकपणे सांगा. "भाऊ, तुझ्या लेटरहेडवर एक जास्तीचं कोटेशन दे ना, फक्त फाइलला लावायला" हे वाक्य तुम्ही ऐकलंय की नाही? बाजारात ही मैत्री समजली जाते. कायद्यात तिला टेंडरमधलं संगनमत म्हणतात, आणि छोटी फर्म आहे म्हणून सूट नाही. तसंच संघटनेच्या मीटिंगमध्ये पार्किंग, लाइट बिल, जीएसटी, महापालिकेची दादागिरी यावर हवं तेवढं बोला. "उद्यापासून सगळ्यांनी हा रेट लावायचा" असा विषय निघाला तर विरोध नोंदवा आणि उठून बाहेर या. व्हॉट्सॲप ग्रुपवर रेट लिस्ट आली तर "मला हे मान्य नाही" असं लिहून बाहेर पडा. नुसतं गप्प बसणं पुढे महागात पडू शकतं.

आजपासून करायच्या पाच गोष्टी

१. एक वही किंवा फोल्डर करा. कुणी, कधी, काय अट घातली, ती तारखेसह लिहा. फोनवर सांगितलं असेल तर त्याच दिवशी त्यालाच मेसेज करा, "आज आपण फोनवर असं बोललात, बरोबर ना?" उत्तर आलं तरी पुरावा, नाही आलं तरी तुमच्याकडून नोंद झाली.

२. मेसेज, ईमेल, रेट लिस्ट, माल नाकारल्याची पत्रं डिलीट करू नका. फोन बदलताना बॅकअप घ्या.

३. खरेदी-विक्रीचे महिनावार आकडे वेगळे काढून ठेवा. अट यायच्या आधीचे किमान एक-दोन वर्षांचे, आणि नंतरचे. वरचा ९६,००० चा हिशेब याच आकड्यांवर उभा राहतो.

४. तुमच्यासारखे आणखी कोण आहेत ते शोधा. एकाचा अनुभव तक्रार असते, दहा गावांतून तोच अनुभव आला की त्यात पॅटर्न दिसतो. आयोगाला पॅटर्न हवा असतो.

५. अर्जाआधी स्वतःला विचारा, मला नेमकं काय हवंय? वागणं थांबायला हवं तर आयोग. थकलेले पैसे हवेत तर दुसरा रस्ता. झालेलं नुकसान हवं असेल तर आधी आयोग आणि मग एनसीएलएटी, आणि तोपर्यंत धंदा चालू ठेवायची तयारी. मग या विषयातल्या वकिलाचा किंवा सीएसचा तास-दीड तासाचा सल्ला फी देऊन घ्या. तीन वर्षांची मुदत चालू आहे हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगा.

तुमच्याकडे असं काही चालू असेल तर प्रश्न जरूर विचारा, पण कंपनीचं किंवा माणसाचं नाव जाहीरपणे लिहू नका. नुसती अट काय आहे आणि धंदा कुठला आहे ते लिहा. ती कलम ३ मध्ये बसते, कलम ४ मध्ये बसते की दिवाणी कोर्टाची आहे, एवढं आपण पुढच्या व्हिडिओत एकेक प्रश्न घेऊन बघू. तोपर्यंत फोल्डर आजच उघडा.